ठिपक्याचा दगड

काळ्या लाव्ह्याच्या रानात पाऊलवाट उमटत नाही. माती पायाखाली दबते, गवत झिजतं. इथे नुसता दगड. वर्षानुवर्षं माणसं चालली तरी त्याच्यावर ओरखडा उठत नाही, फाटतात ते माणसांच्या बुटांचे तळ. म्हणून या डोंगरावर वाट दाखवायला पांढरे ठिपके होते. एका ठिपक्यापाशी उभं राहिलं की पुढचा दिसायचा, तिथे गेलं की त्याच्या पुढचा. असं करत करत माणूस पायथ्याच्या चौकीपासून विवराच्या काठापर्यंत पोचायचा. ते रंगवणाऱ्या माणसालाही वस्तीत सगळे 'ठिपके'च म्हणत, जणू ते त्याचं आडनाव होतं. तोंडावर म्हणताना मागे 'साहेब' जोडत आणि हसत. ठिपकेसाहेब हसत नसत.

पूर्वी ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अक्षर वळणदार, रेघ सरळ आणि बोलणं तिरकं. मग छापील पाट्यांचा सुळसुळाट झाला आणि कुंचला धरणारा हात रिकामा पडला. त्याच सुमारास डोंगर निवला. शेवटच्या उद्रेकानंतर वर जायला असलेली बंदी उठली आणि खात्याने माणसं नेमायला घेतली. वाट दाखवणारा एक हवा होता आणि वाट रंगवणारा एक. ठिपक्यांनी अर्ज केला तो वाट दाखवण्यासाठी. परक्या माणसांशी गोड बोलता येईल का, असं त्यांना विचारण्यात आलं. "खरं बोलता येईल," असं उत्तर देऊन ते रंगाचा डबा घेऊन घरी आले. वाटाड्याचा बिल्ला मिळाला त्यांच्या साडूला.

साडू दिसायला देखणा, बोलायला मोकळा. डोंगर याच्या आजोबांनी बांधून घेतला असावा अशा थाटात तो पर्यटकांना हिंडवायचा. खांबांच्या कड्यापाशी, जिथे थंड होताना लाव्ह्याचे सहाकोनी खांब झाले आहेत, तिथे तो दर वेळी नवी गोष्ट सांगायचा आणि दर वेळी ती खरी असल्याची शपथ घ्यायचा. लोकांना तो आवडे. ठिपक्यांना त्याचा आवाजही सहन होत नसे, आणि तो आवाज रोज ऐकावा लागे, कारण दोघांची घरं म्हणजे सासऱ्याच्या एकाच घराची दोन शकलं होती. मधे एका विटेची भिंत, मागच्या अंगणात कमरेएवढा कट्टा, आणि नळ एकच, तो साडूच्या बाजूला.

वैराचं कारण सरळ होतं. ठिपके नीट असले की लोक आपले आपण वर जात. वाटाड्या लागतो तो वाट सापडत नाही तेव्हा. ठिपक्यांनी एक ठिपका काढला की साडूच्या ताटातला एक घास कमी व्हायचा. हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि त्यामुळे ठिपके आपलं काम जास्तच मन लावून करायचे. दोघं एकमेकांशी थेट बोलणं सोडून बरीच वर्षं झाली होती. बोलायचं ते बायकांमार्फत, नाहीतर हवेत.

ठिपक्यांची कामाची पद्धत ठरलेली होती. पत्र्याच्या एका जुन्या डब्याचं झाकण मधोमध गोल कापून त्यांनी साचा केला होता. दगड तारेच्या ब्रशने घासायचा, झाकण टेकवायचं, आत पांढरा रंग भरायचा. ठिपका असा गोल की बघणाऱ्याला वाटावं छापलाय. आणि नियम एकच: ठिपका काढायचा तो पहारीलाही दाद न देणाऱ्या दगडावर. लहान दगड पाण्याने सरकतो, पोरं लाथाडतात, वाट बदलते. मोठा दगड हलत नाही. 'दगड हलला तर कुणीतरी हलवला,' हे ठिपक्यांचं साधं गणित होतं.

धुक्यात मात्र ठिपके लांबून दिसत नसत. म्हणून आदल्या हंगामात त्यांनी टेकाडावर दगडांचा एक मनोरा रचला. खाली रुंद, वर निमुळता, चुन्याचा कण न वापरता नुसता एकावर एक बसवलेला. त्यासाठी सपाट दगड लागत होते, आणि ते अलीकडच्या उताराच्या पायथ्याशी ओळीने पडलेले सापडले. तो उतार खंगरांचा. वीटभट्टीत जास्त भाजलेल्या विटेचं जसं खंगर होतं, तसे काळे-तांबूस, सच्छिद्र, हलके खडे. पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत. उताराच्या मध्यावर, वाटेच्या वळणावर, आडव्या टाकलेल्या कपाटाएवढा एक दगड होता आणि त्याच्यावर ठिपका. उताराच्या खाली पिवळी खळगी. तिथे जमिनीतून गरम वाफा येतात, गंधक साठतं, आणि वारा पडला की जड वायू खळगीत पाण्यासारखा भरून राहतो. तिथे मेलेले पक्षी सापडत. ठिपका सांगायचा: इथून डावीकडे वर चढा, खाली उतरू नका.

सपाट दगड वाहताना साडू माणसं घेऊन तिथून चालला होता. तो थांबला आणि हवेत म्हणाला, "पायातले दगड काढतायत लोक. वरचं सगळं खाली येईल एक दिवस."

ठिपके तशाच हवेत म्हणाले, "ज्यांना बोलायचं काम आहे त्यांनी बोलावं. दगडांचं आम्ही बघतो."

साडूबरोबरची माणसं हसली. साडूही हसला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या ठिपक्यांनी पाहिल्या आणि त्यांचा तो दिवस फार छान गेला. मनोऱ्याचा फोटो पुढे खात्याच्या फलकावर लागला.

या हंगामाच्या पहिल्या दिवसांतच ते घडलं. दाट धुकं होतं, वारा पडलेला. एक जोडपं नकाशा घेऊन, वाटाड्या न घेता वर गेलं. ठिपक्यामागून ठिपका धरत ती दोघं कपाटाएवढ्या दगडापाशी पोचली आणि तिथून खांद्याएवढ्या खोल पिवळ्या खळगीत उतरली, कारण दगड आता वळणावर नव्हता. तो खळगीच्या तोंडाशी होता, ठिपका तसाच गोल, तसाच समोर बघत. बाई आत कोसळली. नवऱ्याचा ओरडा ऐकून खालून येणारा साडू धावला, श्वास कोंडून आत उतरला आणि दोराने तिला ओढून बाहेर काढलं. बाई वाचली. दवाखान्यात होती, पण वाचली.

दुसऱ्या दिवशी चौकीत मॅडमनी दोघांना समोर बसवलं. मॅडम म्हणजे चौकीच्या प्रमुख. पत्र्याची खोली, खुंट्यांवर हेल्मेटांची रांग, खिडकीच्या काचेवर राखेचा थर आणि सगळ्या वस्तूंना रबराचा आणि गंधकाचा वास. खुर्च्या दोनच होत्या आणि त्या शेजारी शेजारी होत्या. ठिपक्यांनी आपली खुर्ची आधी दूर ओढली, मग बसले.

"त्या दगडावर ठिपका कुणी काढला?" मॅडमनी विचारलं.

"मी. पण तेव्हा दगड वळणावर होता. हंगाम सुरू होताना मी तो पुन्हा रंगवला तेव्हाही वळणावरच होता. त्यानंतर कुणीतरी खाली आणलाय."

"दगड आहे तो, शेळी नाही," साडू खिडकीकडे बघत म्हणाला.

"पहारी आणि हमाल हाताशी असले की दगडाचीही शेळी होते, मॅडम. पर्यटकांचे तंबू वाहायला हमाल कुणी ठेवलेत ते विचारा. आणि माणसं एकटी जायला घाबरली तर फायदा कुणाचा, तेही विचारा."

"म्हणजे मी दगड खाली आणायचा, बाईला खड्ड्यात पाडायचं आणि मग जीव धोक्यात घालून तिलाच वर काढायचं. एवढा रिकामा वेळ असता तर मीही पाट्या रंगवल्या असत्या."

"आधी पाडायचं, मग वाचवायचं. पेपरात फोटो तसाच येतो."

"पुरे," मॅडम म्हणाल्या. त्या आवाज चढवत नसत. चढवायची गरज पडत नसे. "उद्या सकाळी तिघं वर जाऊ. दगड ज्याच्यामुळे तिथे आला, तो माणूस या डोंगरावर पुन्हा काम करणार नाही. मग तो कोणी का असेना."

ठिपके निवांत मनाने घरी आले. बायको मागच्या दारात बसून फाटलेल्या उशीला टाके घालत होती. त्यांनी सगळं सांगितलं. तिने सुईवरून नजर उचलली नाही.

"खात्री आहे तुमची?"

"दगडाला पाय फुटत नाहीत."

"तसं नव्हे. रंगवला तेव्हा वळणावर होता, ही खात्री. त्या दिवशी तुम्ही डोकं धरून आलात. जेवलाही नाहीत. मला म्हणालात, दिवा मालव, डोळ्यांना त्रास होतो."

"टर्पेंटाइन. बंद डब्यात साठलं होतं."

"टर्पेंटाइन तुम्ही जन्मभर हुंगताय," ती म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.

कट्ट्यापलीकडून मेहुणीचा आवाज आला. ती ऐकत होती हे लपवायची तिला गरज वाटली नव्हती. "ताई, भावजींना सांग, आमच्या माणसाच्या पोटावर पाय दिलात तर नळाचं पाणी विसरायचं."

"तिला सांग," ठिपके म्हणाले, "तहान लागली की डोंगरावरचा बर्फ वितळवून पिऊ."

"आता कुठला बर्फ?" बायको म्हणाली. हा प्रश्न तिने दोघांनाही विचारला नव्हता.

सकाळी तिघं निघाले. मॅडम पुढे, मधे साडू, मागे ठिपके. खालचा लाव्हा दोरखंडासारखा वळ्या पडलेला, वरचा मोडक्या काचेसारखा. तोल गेला आणि हात टेकला की तळवा फाटणार. खांबांच्या कड्यापाशी थांबायची चाल होती, तिघं थांबले नाहीत. मग बोगदा आला. वरचा लाव्हा थिजला आणि आतला वाहून गेला, अशी तयार झालेली लांबच लांब पोकळी. वाट तिच्यातूनच जाते. आत साडूचा आवाज आपोआप सुरू झाला: "छताला हात लावू नका, मॅडम. इथे छताला थेंब लोंबताना दिसतील, ते पाण्याचे नाहीत, दगडाचे आहेत."

"त्या इथल्या प्रमुख आहेत," ठिपके मागून म्हणाले. "त्यांना तिकीट विकू नका."

"वाट दाखवायची सवय आहे. रंगवलेल्या वाटेने माणसं कुठे पोचतात ते कालपरवाच पाहिलं."

ठिपक्यांनी बुटाचा आवाज करत पावलं टाकली. बोगद्यात तो आवाज मोठा होऊन फिरला आणि मॅडमनी मागे वळून दोघांकडे एकदा पाहिलं आणि चाल वाढवली.

खंगरांच्या उतारापाशी धुकं नव्हतं. बोचरा, सरळ वारा होता आणि सगळं लख्ख दिसत होतं. ठिपके पुढे झाले. वळणावर दगडाची जागा रिकामी होती. तिथून खाली, एखाद्या घराच्या लांबीइतकी, खंगरांत एक रुंद घसरण पडली होती आणि तिच्या टोकाला दगड बसला होता. त्यांनी आधी दगडाच्या कडा पाहिल्या. पहार लावली की कडा उडते, ताजा काळा दगड उघडा पडतो. चारी बाजूंनी हात फिरवून पाहिलं. एकही टवका उडालेला नव्हता. दगडाच्या बगलांत धुळीचा जुना थर तसाच होता. कुणाचे हात तिथे लागलेच नव्हते.

त्यांनी वर पाहिलं. नुसता दगड उतरला नव्हता. दोन्ही बाजूंचे खंगरही खाली आले होते. सगळा उतारच घसरला होता आणि दगड त्याच्यावर बसून आला होता, हातगाडीवरून कपाट यावं तसा. आणि उताराच्या पायाशी, जिथे सपाट दगडांची ओळ होती, तिथे नुसते खळगे होते. ओळ वर टेकाडावर उभी होती. खाली रुंद, वर निमुळती, फलकावर फोटो असलेली.

एवढ्यावर भागलं असतं तर ठिपक्यांनी स्वतःशीही काही मान्य केलं नसतं. पण ठिपक्याच्या बरोबर खाली, जमिनीवरच्या खंगरांवर, पांढऱ्या रंगाचे शिंतोडे होते. ताजे, याच हंगामातले. कुंचल्यातून रंग गळतो तो सरळ खाली. म्हणजे त्यांनी रंगवला तेव्हा दगड इथेच होता. त्या दिवशीही धुकं होतं, पण झोंबरा वारा होता, म्हणून ते खळगीच्या तोंडाशी बसून रंग भरूनही जिवंत परत आले होते, नुसतं डोकं दुखून. पूर्वी ते जागा बघून ठिपका शोधत. कधीपासून कोण जाणे, ठिपका दिसला की त्यालाच जागा समजू लागले होते.

मॅडम वरून उतरत होत्या. ठिपक्यांनी एक पाऊल सरकून बूट त्या शिंतोड्यांवर ठेवला.

मान वर केली तेव्हा साडू त्यांच्याकडे नाही, त्यांच्या बुटाकडे बघत होता.

"पहारीच्या खुणा?" मॅडमनी जवळ येऊन विचारलं.

"नाहीत."

"मग उतार कशाने सरकला?"

डोंगराच्या पोटात लहानसहान हादरे नेहमीच होतात. चौकीतलं यंत्र दर आठवड्याला काही ना काही टिपतं. उत्तर समोर आयतं पडलं होतं आणि ठिपक्यांनी ते उचललं. "हादरा," ते म्हणाले. "हादऱ्याने असेल."

मॅडमनी साडूकडे पाहिलं. त्याच्या मनात असतं तर पायातले दगड, आदल्या हंगामातलं बोलणं, सगळं तो तिथल्या तिथे ओकला असता. ठिपके तेच धरून चालले होते. उत्तरही तयार ठेवलं होतं, की साडू जळतो. पण साडू हसला. पर्यटकांना बोगद्यातून बाहेर काढल्यावर तो हसायचा तसं, मायेने.

"हादराच, मॅडम," तो म्हणाला. "परवा मलाही जाणवला. बिचाऱ्यांचा काय दोष त्यात?" मग कित्येक वर्षांत पहिल्यांदा तो सरळ ठिपक्यांशी बोलला. "साडूभाऊ, जमीन तापलेली आहे तिथे. पाय फार वेळ ठेवू नका. बुटाचा तळ वितळेल."

तळ खरंच तापला होता. चटका पायापर्यंत पोचत होता. पण ठिपक्यांना त्याहून स्पष्ट दिसत होती ती कट्ट्यापलीकडची पुढची सगळी वर्षं. रोज सकाळी तोंड धुताना हे हसू. नळ सोडताना हे हसू. 'साडूभाऊ' अशी हाक, सगळ्या वस्तीसमोर, खांद्यावर हात टाकून. डोंगरावर हवा तो ठिपका पुसायला सांगेल आणि आपण पुसू. मेहुणी वाटीभर साखर मागायला येईल आणि रिकाम्या हाताने जाणार नाही. बिचारे! तो शब्द त्यांच्या कानात खड्यासारखा खुपला.

त्यांनी पाय उचलला.

"हादरा नव्हता," ते मॅडमना म्हणाले. "उताराच्या पायातले दगड मी काढले. मनोऱ्यासाठी. आणि दगड इथे आल्यावर मीच तो पुन्हा रंगवला. हा बघा रंग. यांनी मला आधी सांगितलं होतं, दगड काढू नका म्हणून. आत्ता खोटं बोलले. कशासाठी, ते त्यांनाच विचारा."

साडूचं हसू गेलं. तेवढ्यापुरतं ठिपक्यांना बरं वाटलं.

मॅडम वाकल्या, शिंतोड्यांवरून बोट फिरवलं, उभ्या राहिल्या. "दवाखान्यातल्या बाईंना आता मला हे सांगावं लागेल," त्या म्हणाल्या. मग हात झटकले. "मनोरा उतरवायचा. सगळे दगड परत पायात. ते झालं की डबा चौकीत जमा करा." आणि साडूकडे वळून, "उतार पुन्हा बसेपर्यंत तुम्ही इथे उभं राहायचं. नंतर ठिपक्यांचं काम तुमच्याकडे. खोटं बोलायला वेळ आहे, तर रंगवायलाही असेल."

मनोरा रचायला लागले होते त्याच्या दुपटीने दिवस तो उतरवायला लागले. ठिपके एकेक दगड छातीशी धरून खाली न्यायचे, बसवायचे, धापा टाकत वर यायचे. साडू वळणावर एका दगडावर बसून राखण करायचा आणि पर्यटक आले की गोष्ट सांगायचा. नवी होती: एक मनुष्य होता, त्याला वाटायचं डोंगर हलत नाही. लोक हसायचे. ठिपके ऐकत नसल्यासारखे पुढचा दगड उचलायचे. एका बाईने त्या मनुष्याचं पुढे काय झालं असं विचारलं, तेव्हा साडू म्हणाला, "काही नाही, अजून ओझी वाहतोय." ठिपक्यांनी हातातला दगड त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर टाकला. "निसटला," ते म्हणाले.

शेवटच्या दिवशी त्यांनी डबा, कुंचले आणि तारेचा ब्रश चौकीत नेऊन ठेवले आणि वळून न बघता घरी आले.

आता ते मागच्या दारात बसतात. तिथून चौकीच्या वरचे पहिले काही दगड दिसतात. साडूने त्यांच्यावर काढलेले ठिपके कुठे अंड्यासारखे, कुठे बटाट्यासारखे, एक तर खाली ओघळून थेट गाजर झालेला. काम नव्याने सुरू झालं त्या आठवड्यात मेहुणी कट्ट्यापाशी आली. बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज जरा खालच्या पट्टीत होता.

"ताई, भावजींना विचार, ते गोल झाकण कुठे आहे? हे म्हणतात, चौकीत सापडत नाही. मॅडम ओरडल्या यांना. म्हणाल्या, हे ठिपके आहेत की पक्षी शिटलेत?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. ठिपके भिंतीला टेकून पाय लांब करून बसले होते. बुटाच्या तळाचा वितळलेला भाग ते सुरीने खरवडत होते.

"सांग, डब्याबरोबर होतं," ते म्हणाले. "त्यांनीच हरवलं असेल."

बायकोने तसं सांगितलं. मग ती स्वयंपाकघरात गेली, मिठाच्या बरणीवरची बशी उचलली आणि बशीखालचं ते गोल कापलेलं झाकण काढून कपाटात, चादरींच्या खाली सरकवलं.